रक्तातली गुठळी कशाने मोजायची?

कोविडची साथ ओसरली, पण तिने काही शब्द घरोघरी मागे ठेवले. ऑक्सिमीटर कपाटात गेला, सीटी स्कोअरची चर्चा थांबली. डी-डायमर मात्र टिकून राहिला. तपासणी केंद्रांच्या 'फुल बॉडी चेकअप'मध्ये तो असतो. चाळिशीतला ओळखीचा कुणी हृदयविकाराने गेला की पुढचा आठवडाभर लोक तो करून घेतात, आणि अहवालात आकडा ठळक छापून आला की घरातल्यांची झोप उडते. ही पॅकेजे आता मोठ्या शहरांपुरती राहिलेली नाहीत. गडचिरोली जिल्ह्याच्या उत्तरेला, सती नदीच्या काठी वसलेल्या कुरखेड्यासारख्या तालुक्याच्या गावातही रक्त देऊन मोबाइलवर अहवालाची वाट पाहणारा माणूस नवलाचा राहिलेला नाही.

रक्तात गुठळी होते आहे का, आणि झालीच तर ती विरघळवण्याची शरीराची ताकद शाबूत आहे का, हे कळावे असे कुणालाही वाटेल. यात गैर काही नाही. प्रश्न इतकाच आहे की हे खरोखर मोजता येते का, आणि मोजता आले तरी कुरखेडा-कोरचीच्या रुग्णाला त्याचा उपयोग काय.

आधी यंत्रणा समजून घेऊ. रक्तवाहिनीला इजा झाली की रक्तातल्या फायब्रिनोजेन या प्रथिनाचे धागे विणले जातात. त्या जाळ्यात रक्तपेशी अडकतात आणि गुठळी तयार होते. हे जाळे काम झाल्यावर काढूनही टाकावे लागते, नाहीतर प्रत्येक जखमेनंतर एकेक रक्तवाहिनी बंद होत जाईल. ते काम प्लाझ्मिन नावाचे विकर, म्हणजेच एन्झाइम, करते. प्लाझ्मिन तयार स्वरूपात रक्तात फिरत नाही. त्याचे निष्क्रिय रूप, प्लाझ्मिनोजेन, यकृतात बनते आणि रक्तद्रवात लिटरमागे साधारण २०० मिलिग्रॅम असते. त्याला जागे करणारे दुसरे विकर म्हणजे टीपीए. ते रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून पाझरते आणि त्याचे प्रमाण लिटरमागे जेमतेम ५ मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा दोन लाखावा भाग असते. त्यातही बहुतेक टीपीएला पीएआय-१ नावाच्या प्रथिनाने आधीच जखडून ठेवलेले असते. उरलेले मोकळे टीपीए पाच-सहा मिनिटांत निम्मे होते. प्लाझ्मिनची गोष्ट याहून टोकाची आहे. गुठळीवरून सुटून ते रक्तात आले की अँटिप्लाझ्मिन त्याला सेकंदाच्या छोट्याशा अंशात निकामी करते. असे नसते तर गुठळीबरोबर रक्तातले बाकीचे फायब्रिनोजेनही फस्त झाले असते आणि माणूस रक्तस्रावाने गेला असता.

म्हणजे जे मोजायचे ते अत्यल्प, क्षणभंगुर आणि पहाऱ्यात असलेले. तरीही माणसाने ते मोजण्याचा नाद सोडला नाही. अचानक मरण आलेल्यांचे रक्त कधीकधी गोठत नाही, हे १७९४मध्ये प्रसिद्ध झालेल्या जॉन हंटर यांच्या ग्रंथात नोंदलेले आहे. मॉस्कोच्या सर्गेई युदिन यांनी १९३०मध्ये तर असे रक्त काढून जिवंत रुग्णांना द्यायला सुरुवात केली. ते एकदा गोठून आपोआप पुन्हा पातळ झालेले असे, त्यामुळे त्यात गोठणे थांबवणारे रसायन मिसळावे लागत नसे. आज ऐकायला विचित्र वाटते, पण विरघळवणाऱ्या विकराची ताकद याहून स्पष्टपणे क्वचितच कुणी पाहिली असेल.

पुढे १९५२मध्ये कोपनहेगनमध्ये आस्ट्रुप आणि म्युलर्ट्झ यांनी बशीत फायब्रिनचा पातळ थर लावला, त्यावर नमुन्याचा थेंब ठेवला आणि थर विरघळून किती मोठे वर्तुळ पडते ते पट्टीने मोजले. दुसरी जुनी पद्धत युग्लोब्युलिन चाचणीची. रक्तद्रव पातळ करून, आम्ल मिसळून थंड केला की विरोधी प्रथिने बरीचशी बाजूला पडतात. उरलेल्या साक्याची गुठळी करायची आणि ती विरघळेपर्यंत घड्याळ लावून बसायचे. निरोगी माणसात याला दोन तासांहून जास्त लागतात. आता प्रतिपिंडांवर आधारलेल्या चाचण्यांनी टीपीए आणि पीएआय-१ थेट मोजता येतात. पण त्यासाठी रक्त लगेच आम्लयुक्त सायट्रेटच्या नळीत घ्यावे लागते, नाहीतर पीएआय-१ नळीतही टीपीएला पकडत राहते. दंडाला पट्टा जास्त वेळ आवळला तर अस्तरातून जादा टीपीए बाहेर पडते. रुग्ण दोन मजले चढून आला असेल तरी आकडा बदलतो. नमुना फिरवायला उशीर झाला तर बिंबिका आपल्याजवळचे पीएआय-१ सोडतात. संशोधनाच्या प्रयोगशाळेत हे सगळे सांभाळता येते. दुपारच्या उन्हात थर्मासच्या डब्यातून नागपूरकडे निघालेल्या नळीत ते सांभाळले जाईल यावर कुणी विश्वास ठेवू नये.

म्हणून रोजच्या वैद्यकात विकराऐवजी त्याने मागे ठेवलेली राख मोजतात. प्लाझ्मिनने फायब्रिनचे जाळे कातरले की जे तुकडे उरतात त्यातला एक म्हणजे डी-डायमर. तो काही तास रक्तात टिकतो, त्यामुळे मोजायला सोपा. राख दिसली म्हणजे चूल पेटली होती इतके नक्की. काय शिजले, कुणासाठी शिजले, ते राखेवरून कळत नाही. न्यूमोनिया, क्षयरोग, कर्करोग, बाळंतपण, शस्त्रक्रिया, मोठी जखम, नुसते वाढते वय, या सगळ्यांत डी-डायमर वाढतो. सिकलसेलच्या रुग्णांत तो दुखणे उसळलेले नसतानाही वाढलेला असतो, आणि गडचिरोली-चंद्रपूरच्या पट्ट्यात सिकलसेल किती आहे हे वेगळे सांगायला नको. गरोदर बाईचा, सिकलसेलच्या मुलाचा आणि सत्तरीच्या म्हाताऱ्याचा डी-डायमर एकाच ५००च्या रेषेवर तोलला तर तिघेही आजारी ठरतील. पन्नाशीनंतर ही रेषा वयाच्या दहापट धरावी, असा संकेत आहे. शिवाय दोन प्रयोगशाळा दोन वेगळी एकके वापरतात आणि एकाचा आकडा दुसऱ्याच्या जवळपास दुप्पट येतो. अहवालाच्या कोपऱ्यातले ते बारीक अक्षर किती जण वाचतात?

या चाचणीचा खरा उपयोग उलट दिशेने आहे. पायाच्या शिरेत किंवा फुप्फुसात गुठळी असल्याची शंका थोडीशीच असेल आणि डी-डायमर कमी आला, तर ती शंका सोडून देता येते. धडधाकट माणसाने वर्षाला एकदा तो करून घेण्याने भविष्य कळत नाही. याच भीतीवर आता नॅटोकायनेजच्या गोळ्याही विकल्या जातात. आंबवलेल्या सोयाबीनच्या जपानी पदार्थातले हे विकर प्रयोगशाळेत फायब्रिन विरघळवते, हे खरे. पण अमेरिकेत तीन वर्षे चाललेल्या तुलनात्मक चाचणीत ते घेणाऱ्यांच्या रोहिणीच्या भिंती जाड होण्याचा वेग न घेणाऱ्यांइतकाच राहिला.

आता कुरखेड्याकडे वळू. गुठळी विरघळवणाऱ्या विकराचा प्रश्न इथे पॅकेजपुरता नाही. शोधग्रामच्या 'सर्च' संस्थेतील मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. योगेश्वर काळकोंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५मध्ये 'स्ट्रोक' या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. गडचिरोलीतली ८६ गावे, दोन वर्षांतले १,५९९ मृत्यू, आणि प्रत्येक मृत्यूचे कारण घरी जाऊन विचारलेले. त्यात २२९ मृत्यू पक्षाघाताचे निघाले, म्हणजे दर सातांत एक. हे तिथले मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण होते. मलेरिया, कुपोषण यांच्या बातम्यांनी ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यात लकव्याने सर्वाधिक माणसे मरतात, हे तोवर कुणाच्या ध्यानात नव्हते. या २२९ पैकी ८७ टक्के लोक घरीच गेले. निम्म्याला थोडे कमी लोक पहिल्याच महिन्यात गेले.

पक्षाघात म्हणजे बहुतेक वेळा मेंदूच्या रोहिणीत अडकलेली गुठळी. तिच्यामागच्या भागाला रक्त मिळत नाही आणि मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात. शरीराचे टीपीए या लढाईत तोकडे पडते. पहाटे तर अधिकच, कारण पीएआय-१ दिवसाच्या चक्रात सकाळी सर्वांत जास्त असते. हृदयविकार आणि पक्षाघात सकाळच्या वेळी जास्त का होतात, याचे अनेक कारणांपैकी हे एक. मग तेच विकर बाहेरून द्यायचे. जनुक तंत्राने बनवलेले टीपीए १९८७मध्ये अमेरिकेत हृदयविकारासाठी आणि १९९६मध्ये पक्षाघातासाठी मान्य झाले. ६० किलोच्या माणसाला ते ५४ मिलिग्रॅम देतात. त्याच्या रक्तात एरवी फिरणाऱ्या टीपीएच्या हे काही हजार पट झाले. पहाऱ्यावरच्या पीएआय-१ची यापुढे डाळ शिजत नाही.

या औषधाला धार दोन्हीकडून आहे. ज्या अमेरिकी चाचणीवर १९९६ची मान्यता आधारलेली होती, तिच्यात ६२४ रुग्ण होते. तीन तासांच्या आत औषध मिळालेल्यांत तीन महिन्यांनी जवळपास पूर्ण बरे होण्याची शक्यता किमान ३० टक्क्यांनी वाढली. त्याच वेळी मेंदूत रक्तस्राव होऊन प्रकृती बिघडण्याचे प्रमाण ०.६वरून ६.४ टक्क्यांवर गेले. २००८च्या युरोपीय चाचणीने ही मुदत साडेचार तासांपर्यंत नेली. भारतात पक्षाघाताच्या दर चार-पाच रुग्णांमागे एकाला मुळात गुठळी नसते, मेंदूतली रक्तवाहिनी फुटलेली असते. त्याला हे औषध दिले तर ते मारकच ठरेल. तोंड वाकडे, हात लुळा, बोलणे अडखळते, हे दोघांचेही सारखे दिसते. कितीही अनुभवी डॉक्टर नुसत्या तपासणीवर पैज लावणार नाही. रक्तातले कोणतेही विकर, कोणताही डी-डायमर हा फरक खात्रीने सांगत नाही. मेंदूतून रक्तात उतरणाऱ्या जीएफएपी नावाच्या प्रथिनावर संशोधन चालू आहे. रक्तस्रावात ते लवकर वाढते आणि बोटाच्या थेंबावर मोजता आले तर खेड्यांत मोठी सोय होईल. आज तरी सीटी स्कॅनला पर्याय नाही.

आणि इथेच कुरखेड्याचे गणित अडते. पहाटे मोहफुले वेचायला निघालेल्या बाईचा हात लुळा पडला तर तो लकवा आहे हे घरात ओळखायला किती वेळ जातो? अंगात वारे शिरले म्हणून तेल चोळले जाते, पुजाऱ्याला बोलावणे जाते, शेतावर गेलेला मुलगा येईपर्यंत थांबले जाते. मग १०८, मग कुरखेड्याचे उपजिल्हा रुग्णालय, तिथून गडचिरोली. किंवा वडसा आणि वैनगंगा ओलांडून ब्रह्मपुरी. किंवा थेट दीडशे किलोमीटरहून दूर नागपूर. घड्याळ रुग्णालयाच्या दारात सुरू होत नाही, पहिल्या लक्षणाला सुरू होते. माणूस झोपेतून उठतानाच लुळा असेल, तर रात्री धड अवस्थेत शेवटचा कधी दिसला तिथून मोजावे लागते, आणि मग साडेचार तास आधीच संपलेले असतात. जिल्ह्याच्या दक्षिणेतल्या भामरागड-सिरोंच्याच्या मानाने कुरखेडा जवळ म्हणायचे. तरी ही अवस्था.

हृदयविकारात असे होत नाही. छातीत कळ आली, ईसीजीत ठरावीक बदल दिसला, की सीटीची गरज उरत नाही आणि गुठळी विरघळवणारे औषध तालुक्याच्या रुग्णालयातच देता येते. स्ट्रेप्टोकायनेज तर १९३३पासून माहीत असलेले विकर, आणि भारतात ते चंडीगडच्या 'इमटेक' संस्थेच्या तंत्राने बनू लागल्याला बरीच वर्षे झाली. ईसीजी मोबाइलवरून तज्ज्ञाला दाखवता येतो. म्हणजे तोच रोग, तीच गुठळी, तेच औषध. हृदयात असली तर कुरखेड्यात उपचार होऊ शकतो आणि मेंदूत असली तर नाही. अडचण औषधाची किंवा डॉक्टरच्या बुद्धीची नाही, एका यंत्राची आणि ते रात्री चालवणाऱ्या माणसाची आहे.

अलीकडे औषधाच्या बाजूने गोष्टी सोप्या झाल्या आहेत. टेनेक्टेप्लेज हे टीपीएचे सुधारलेले रूप. पीएआय-१ त्याला सहजी पकडू शकत नाही आणि ते रक्तात जास्त वेळ टिकते. त्यामुळे तासभर पंप लावून बसण्याऐवजी एकच इंजेक्शन पुरते. रुग्णाला टेनेक्टेप्लेज टोचून पुढच्या रुग्णालयाकडे रवाना करणे शक्य होते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मार्च २०२५मध्ये त्याला पक्षाघातासाठी मान्यता दिली. भारतात ते त्याच्या आधीपासून वापरात आहे आणि पुण्याची जेनोव्हा ही कंपनी ते बनवते. हिमाचल प्रदेशाने २०१४च्या सुमारास सुरू केलेला प्रयोग इथे आठवावा. डोंगरातल्या जिल्हा रुग्णालयांत सीटी होते, मेंदूविकारतज्ज्ञ नव्हते. तिथल्या फिजिशियननी स्कॅनचे फोटो फोनवरून शिमला आणि टांडा येथील तज्ज्ञांना पाठवले आणि सरकारने मोफत दिलेले औषध जागेवर टोचले. गडचिरोलीचे जंगल हिमाचलच्या घाटांहून अवघड नाही.

चंद्रपूरला २०१५मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, २०२४मध्ये गडचिरोलीलाही मिळाले. तज्ज्ञ जिल्ह्यात आले हे चांगलेच झाले. मात्र साडेचार तासांच्या हिशेबात महाविद्यालयाच्या इमारतीपेक्षा उत्तरेला एक आणि दक्षिणेला एक, चोवीस तास चालणारे सीटी यंत्र जास्त जीव वाचवेल. यंत्र बसवल्याची बातमी फीत कापण्याच्या फोटोसह येते. ते रात्री दोन वाजता बंद का होते, याची येत नाही.

तोवर काय? गुठळी विरघळवणे ही शेवटची पायरी आहे, आणि त्याआधीच्या पायऱ्या कुरखेड्यात आज चढता येतात. पक्षाघाताचे सर्वांत मोठे कारण उच्च रक्तदाब. तो मोजायला प्रयोगशाळा लागत नाही, आरोग्य उपकेंद्रातले यंत्र पुरते. शेजारच्या भंडारा जिल्ह्यात रक्तदाब नियंत्रणाच्या राष्ट्रीय उपक्रमात हेच केले गेले: ठरलेली दोन-तीन औषधे, महिन्याच्या गोळ्या गावाजवळ, आणि न येणाऱ्याला फोन. गडचिरोलीत अडचण अशी की रक्तदाब दुखत नाही. धानाच्या रोवणीत गोळ्या संपल्या की दोन महिने कुणी येत नाही. खर्ऱ्याची भर वेगळीच. सुपारी-तंबाखूचा हा घोटलेला चुरा शाळकरी मुलांच्या खिशातही सापडतो. तंबाखूतले निकोटिन रोहिण्या आकसवते आणि रक्तदाब वाढवते. जिल्ह्यात १९९३पासून दारूबंदी आहे आणि 'मुक्तिपथ'ने २०१६पासून दारूबरोबर तंबाखूही विषयात घेतली, ती याच हिशेबाने. डी-डायमरच्या एका चाचणीच्या पैशात एका माणसाच्या रक्तदाबाच्या साध्या गोळ्या काही महिने येतात.

पावसाळा लागला की याच रुग्णालयात गुठळीचा प्रश्न उलट्या अंगाने येतो. धानाच्या बांधात घोणस पायाला डसते. तिचे विष गुठळ्या विरघळवते असा समज आहे. प्रत्यक्षात ते आधी गोठण्याची साखळी बेसुमार सुरू करते. रक्तवाहिन्यांत बारीक जाळी विणली जातात, प्लाझ्मिन ती कातरत राहते, आणि काही तासांत फायब्रिनोजेनचा साठाच संपतो. मग हिरड्यांतून, लघवीतून, सुईच्या छिद्रातून रक्त येऊ लागते. या रुग्णाचा डी-डायमर मोजला तर यंत्राची मर्यादा ओलांडेल इतका येतो, पण तो मोजण्याची गरज नाही. २ मिलिलिटर रक्त स्वच्छ, कोरड्या, नव्या काचेच्या नळीत घ्यायचे, २० मिनिटे न हलवता ठेवायचे आणि मग एकदाच तिरके करायचे. रक्त वाहिले तर विष रक्तात भिनले आहे, प्रतिसर्पविष सुरू करायचे. डेव्हिड वॉरेल यांनी १९७०च्या दशकात नायजेरियात साप चावलेल्या रुग्णांत अशी साधी चाचणी रुजवली आणि आज ती भारताच्या उपचारपद्धतीचा भाग आहे. दर सहा तासांनी ती पुन्हा करतात, कारण विष निकामी झाले तरी यकृताला नवे फायब्रिनोजेन बनवायला तेवढा वेळ लागतो. मधल्या काळात रक्त गोठत नाही म्हणून घाईने बाटल्यांवर बाटल्या चढवण्यात अर्थ नसतो.

ही स्वस्त चाचणी फसते ती क्षुल्लक कारणांनी. रुग्णालयांत आता सगळीकडे प्लास्टिकच्या नळ्या आहेत. काचेच्या स्पर्शाने रक्त गोठायला लागते, प्लास्टिकने नाही. तेव्हा प्लास्टिकमध्ये निरोगी माणसाचे रक्तही पातळ राहील आणि त्याला उगाच प्रतिसर्पविष मिळेल. साबणाने धुतलेल्या काचेच्या नळीचेही तेच. कुणी तीन-तीनदा हलवून पाहिले तरी गोंधळ. आणि गोठलेले रक्त पाहून निर्धास्त होणे हा सर्वांत महाग पडणारा गैरसमज आहे. मण्यार आणि नाग यांचे विष चेतासंस्थेवर जाते, रक्त छान गोठते. जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री मण्यार चावते, जखम दिसतही नाही, सकाळी पोट दुखते आणि पापण्या मिटू लागतात. तिथे नळीपेक्षा पापण्या पाहाव्या लागतात.

भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेली, वर्षाला सरासरी ५८ हजार. केंद्र सरकारने मार्च २०२४मध्ये सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा आणला. २०३०पर्यंत मृत्यू निम्मे करायचे ठरले आहे. नोव्हेंबर २०२४मध्ये राज्यांना सर्पदंश हा नोंद बंधनकारक असलेला आजार करण्यास सांगण्यात आले. नोंद झाली तर कोणत्या तालुक्यात किती प्रतिसर्पविष हवे हे कळेल, हा मोठाच फायदा. मात्र खरेदीच्या याद्यांत प्रतिसर्पविषाच्या बाटल्या असतात आणि काचेच्या साध्या नळ्या राहून जातात. शंभर नळ्यांचा खोका मृग नक्षत्राच्या आधी प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात पोहोचला पाहिजे, हे आराखड्यात एका ओळीत लिहिता येण्यासारखे आहे.

प्रसूतिकक्षात या विकराला आवर घालावा लागतो. बाळंतपणानंतर काही स्त्रियांत प्लाझ्मिनचा जोर वाढतो आणि गर्भाशयातला रक्तस्राव थांबत नाही. ट्रॅनेक्सामिक आम्ल प्लाझ्मिनला फायब्रिनवर बसू देत नाही. २०१७च्या 'वुमन' चाचणीत २१ देशांतल्या २० हजार स्त्रियांवर ते तपासले गेले. तीन तासांच्या आत औषध मिळालेल्यांत रक्तस्रावाने होणारे मृत्यू १.७वरून १.२ टक्क्यांवर आले. तीन तासांनंतर दिले तर फायदा दिसला नाही. औषध कुणाला द्यायचे हे ठरवण्यासाठी प्लाझ्मिन मोजावे लागले नाही. रक्त जास्त जाते आहे हे ओळखले, घड्याळ पाहिले आणि सुई टोचली.

पण जास्त म्हणजे किती, हे कसे ओळखायचे? चादरीवर सांडलेल्या रक्ताचा डोळ्यांनी केलेला अंदाज नेहमी कमी पडतो. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'ई-मोटिव्ह' या चाचणीत केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ८० रुग्णालयांत दोन लाखांहून अधिक बाळंतपणे पाहिली गेली. निम्म्या रुग्णालयांत बाईच्या खाली मिलिलिटरच्या खुणा छापलेली प्लास्टिकची पिशवी लावली आणि खूण ओलांडली की सगळे उपचार एकदम सुरू केले, त्यात ट्रॅनेक्सामिक आम्लही होते. नेहमीच्या अंदाजाने चालणाऱ्या रुग्णालयांत जास्त रक्तस्राव झालेल्या निम्म्याच बायका वेळेत ओळखल्या गेल्या. पिशवी लावलेल्या ठिकाणी हे प्रमाण ९३ टक्के होते, आणि तीव्र रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडणे किंवा त्याने मृत्यू, हे सगळे मिळून ६० टक्क्यांनी घटले. अशी पिशवी कुरखेड्याच्या प्रसूतिकक्षात टांगायला वीज लागत नाही, तंत्रज्ञ लागत नाही आणि नागपूरला नमुनाही पाठवावा लागत नाही.